बगीच्यातला दिवा आणि दादांची झोप

देवासच्या कॉलनीतल्या बगीच्यात उंच खांबावर पांढरा दिवा लागला तो उमाशंकरदादांमुळे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला काही तरी उद्योग हवाच. दादांनी साहेबलोकांचे उंबरठे झिजवले आणि असा दिवा आणला की गवतात सुई पडली तरी सापडावी. बगीच्यात रात्री सुई घेऊन कोण जातं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर खांब नेमका दादांच्या खिडकीसमोर आला आणि त्यांची झोप उडाली. जाड पडदे लावून झाले, बायकोचं, वासंतीताईंचं, जुनं पातळ डोळ्यांवर बांधून झालं. रक्तदाब चढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दादा, अंधेरे में सोया करो. शरीर को रात पता चलनी चाहिए."

दिव्याच्या पेटीची किल्ली दादांच्याच जानव्याला होती. पण भांडून आणलेला दिवा आपणच विझवायचा?

"लोक काय म्हणतील?" दादा म्हणाले.

"अहो, लोक झोपलेले असतील," वासंतीताई म्हणाल्या. दादा ऐकतील तर शपथ.

कोजागरीला मराठी मंडळाचं दूध या बगीच्यातच आटतं. दुधात चंद्र दिसला की नैवेद्य, मग पेले. कुसुमावतीकाकू मंडळात सर्वांत वडीलधाऱ्या, मान त्यांचा. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. पांढरं गोल लखलखत होतं. काकूंनी अक्षता वाहिल्या, नैवेद्य दाखवला, सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले. सर्वांत पुढे दादा.

वासंतीताईंनी तेवढं वर पाहिलं. "काकू, चंद्र अजून पाण्याच्या टाकीमागे आहे. तुम्ही यांच्या खांबाला नैवेद्य दाखवलात!"

जो तो पोट धरून हसला. "दादा, अब खांबाला नारळ पण फोडून टाकू, भिया!" शेजारचा अंशुल ओरडला. दादांना हसू येईना. चंद्राच्या पाटावर आपला दिवा जाऊन बसला, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"हसा लेको," ते शेवटी म्हणाले, "पण पावसाळा लागल्यापासून मी धड झोपलो नाहीये."

"तो हम कौन-से सो रहे हैं, दादा? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही," अंशुल म्हणाला.

दादांनी चहूकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्यासारखेच तारवटलेले होते. ते तडक उठले, पेटी उघडली आणि बटण दाबलं. रोज जेवणं उरकली की दिवा बंद, हे तिथंच ठरलं. बगीच्यात किती दिवसांनी अंधार झाला. सगळे चंद्राची वाट पाहत गवतावर बसले.

चंद्र टाकीवर आला, दुधात उतरला. काकूंनी या खेपेला वर दोनदा पाहून नैवेद्य दाखवला. अंशुल पहिला पेला घेऊन दादांकडे गेला, तर दादा खुर्चीतच घोरत होते.

"अरे, कोजागरीला झोपतात का? लक्ष्मी विचारत येते ना, कोण जागं आहे म्हणून!" तो त्यांना हलवू लागला.

वासंतीताईंनी त्याचा हात धरला.

"निजू दे त्यांना. लक्ष्मी आली तर मी सांगेन, हे पावसाळाभर जागलेत."