किडनी जुळली, पण मी एकशे आठ किलोचा होतो

"तुमची किडनी ताईंना जुळते आहे. पण आज मी तुम्हाला डोनर म्हणून घेऊ शकत नाही."

किडनीच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी आणि माझी मोठी बहीण शोभाताई त्यांच्या टेबलासमोर शेजारी शेजारी बसलो होतो. पहिलं वाक्य ऐकताच ताईने माझा हात घट्ट धरला. दुसऱ्या वाक्यानंतर तिने तो सोडला नाही, पण तिची पकड सैल झाल्याचं मला कळलं.

माझं वय चव्वेचाळीस, उंची पाच फूट सात इंच, वजन एकशे आठ किलो. तपासण्यांत आणखी दोन गोष्टी निघाल्या होत्या. एक फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. दुसरी प्री-डायबेटिस, म्हणजे साखर अजून मधुमेहात गेलेली नाही, पण त्याच वाटेवर आहे.

डॉक्टर म्हणाले, "एक किडनी दिल्यावर उरलेल्या एकीवर तुम्हाला आयुष्य काढायचंय. या वजनावर आणि या साखरेवर मी ती काढली, तर काही वर्षांनी तुम्हीच पेशंट म्हणून इथे बसाल. नव्वदच्या आत या, साखर खाली आणा. मग बघू."

ताई आणि दाजी गिरणारे गावाच्या बाजूला आपल्या शेतात गुलाब आणि झेंडू लावतात. दोन वर्षांपूर्वी तिच्या पायांवर सूज येऊ लागली. दगदगीने आली असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं. निदान झालं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे शरीरातलं रक्त मशीनमधून शुद्ध करून परत आत सोडायचं. दर वेळी चार तास. दाजींना मधुमेह, त्यामुळे ते डोनर होऊ शकत नव्हते. राहिलो मी.

त्याच दिवशी मला आहारतज्ज्ञ केतकी मॅडमकडे पाठवलं. तिशीच्या आतबाहेरची, हळू बोलणारी बाई. त्यांनी बूट-मोजे काढायला लावून मला एका मशीनवर उभं केलं आणि दोन्ही हातांत धरायला धातूच्या मुठी दिल्या. ही बॉडी कॉम्पोझिशनची तपासणी, म्हणजे आपल्या वजनात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती याचा अंदाज. अंगातून अगदी हलका करंट जातो, आपल्याला काहीच जाणवत नाही. स्नायूंत पाणी जास्त असतं, त्यातून तो सहज जातो. चरबीतून अडखळतो. त्यावरून हिशेब निघतो.

मॅडम कागद समजावून सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मला एकच आकडा दिसत होता, नव्वद. कागद घडी करून फाईलमध्ये टाकला आणि पुढच्या महिन्याची वेळ घेऊन निघालो.

इथून पुढे मी जे केलं ते कुणीही करू नये, म्हणून सविस्तर सांगतो. सकाळी फक्त चहा, दुपारी काकडी-टोमॅटो, संध्याकाळी वाटीभर सूप. अंबडच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. कॅन्टीनमध्ये सगळे जेवत असताना मी बाहेर फेऱ्या मारायचो. बायको वैशाली म्हणाली, "अहो, असं उपाशी राहून किडनी द्यायची असते का?" मी तिच्यावर खेकसलो.

पाच आठवड्यांत सात किलो उतरले. लोक पाठ थोपटू लागले. पण मला भर दुपारी थंडी वाजायची. जिना चढताना मांड्या थरथरायच्या. एकदा कारखान्यात मशीनजवळ उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोघांनी धरून खाली बसवलं. तरी मी खूश होतो. एकशे एक!

त्याच खुशीत केतकी मॅडमसमोर गेलो. त्यांनी पुन्हा मशीनवर उभं केलं, मग फाईलमधला जुना कागद काढून नव्याशेजारी ठेवला.

"दादा, तुम्ही सात किलो कमी केलेत. पण कुठले, ते विचारलंच नाहीत," त्या म्हणाल्या. "चरबी तीन किलोसुद्धा गेलेली नाही. बाकीचं पाणी आणि स्नायू. जे ठेवायचं होतं ते तुम्ही देऊन बसलात."

मग त्यांनी आणखी एका तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावलं. या तपासणीचं नाव रेस्टिंग मेटाबॉलिक रेट. नुसतं पडून राहिल्यावर, श्वास, हृदय, मेंदू चालू ठेवायला शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते यात मोजतात. मला आडवं करून चेहऱ्यावर पारदर्शक घुमटासारखं झाकण ठेवलं. आत घेतलेला ऑक्सिजन आणि बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड मशीन मोजत होतं. जागं राहायचं, पण हलायचं नाही, बोलायचं नाही. पंचवीस मिनिटं मी छताकडे बघत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी गप्प पडून होतो, आणि मला जाणवलं की मी किती घाबरलेलो आहे. ताईची पुढची दिवाळी माझ्या पोटावर अडून बसली आहे, हा विचार मी एकदाही थांबून केला नव्हता.

माझ्या वजनाच्या माणसाचा दिवसाचा खर्च साधारण साडेअठराशे कॅलरी यायला हवा होता. माझा आला साडेपंधराशेच्या आसपास.

"तुम्ही उपाशी ठेवलंत, म्हणून शरीराने खर्च कमी केला," मॅडम म्हणाल्या. "आता आपण खायचं वाढवणार आहोत."

"मॅडम, मी कमी करायला आलोय!"

"कमीच करणार आहोत. चरबी."

सकाळी दोन अंडी, दुपारी भाकरी, भाजी आणि वाटी भरून मटकी किंवा हरभरे, संध्याकाळी ताक, आठवड्यातून दोनदा चिकन किंवा मासे. चालणं होतंच, त्यात खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि डंबेल्स आली. सगळं किडनीच्या डॉक्टरांना विचारून ठरलं. हा आहार माझ्यासाठी बेतलेला होता. ताईसारख्या आजारात खाण्याचे नियम अगदी वेगळे असतात, त्यामुळे कुणीही तो उचलून वापरू नये.

पुढचे तीन आठवडे काटा हलला नाही. फक्त तीनशे ग्रॅम. तेवढ्यातच ताईच्या हातात डायलिसिससाठी ऑपरेशन करून तयार केलेली शीर बंद पडली. तिला ॲडमिट केलं. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "संजू, तू लय जिवाला लावून घेतलंय. नाय जमलं तर नाय. मी काय तुला दोष देणार हाय का?"

मी तिथून तडक केतकी मॅडमकडे गेलो. म्हणालो, "मला वेळ नाही. मी परत जेवण बंद करतो."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी मशीनवर उभे राहा."

कागद आला. चरबी दीड किलोने कमी, स्नायू सव्वा किलोने जास्त. "हा एक आकडा अगदी खरा धरू नका," त्यांनी बजावलं. "पाणी कमीजास्त झालं तरी फरक पडतो. म्हणून यापुढे नेहमी सकाळी, उपाशीपोटी या. आपण दिशा बघायची. आणि दिशा बरोबर आहे. अजून तीन आठवडे द्या मला. नंतर तुमचं तुम्ही ठरवा."

मी कारखान्यात माणसांना हुकूम सोडत आलोय. इतक्या शांतपणे मला कुणी थांबवलं नव्हतं. मी तीन आठवडे दिले.

नंतर वजन उतरायला लागलं, हळूहळू, पण थांबलं नाही. मांड्यांची थरथर गेली. दोन महिन्यांनी पुन्हा त्या घुमटाखाली पडलो. वजन कमी झालेलं असूनही खर्चाचा आकडा वर आला होता. मॅडमनी तो गोल करून मला दाखवला आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. नवव्या महिन्यात मी एकोणनव्वद किलोचा होतो. साखर नॉर्मल. यकृतातली चरबी नावापुरती. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचले आणि म्हणाले, "आता घेतो तुम्हाला."

ऑपरेशनच्या दिवशी आम्हा दोघांना शेजारशेजारच्या थिएटरांत नेलं. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं ताईबद्दल विचारलं. नर्स म्हणाली, "जोडल्या जोडल्या लघवी सुरू झाली." म्हणजे किडनीने तिथेच काम सुरू केलं होतं. टाके दुखत होते, तरी मी हसलो.

याला आता पाच महिने झाले. परवा ताईला घेऊन केतकी मॅडमकडे गेलो होतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, त्यातल्या स्टिरॉइडने भूक वाढते. तिचं वजन चार किलोने वाढलं होतं आणि ती धास्तावली होती. मॅडमनी तिला मशीनवर उभं केलं. कागद ऑपरेशननंतरच्या जुन्या कागदाशी ताडून म्हणाल्या, "ताई, यातले निम्मे तर स्नायूच आहेत. शेतात जायला लागलात की काय?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. संसर्गाच्या भीतीने मातीत हात घालायची तिला अजून मनाई आहे.

"बांधावरनं नुसती चालते," ती म्हणाली. "मास्क लावून. फुलाला हात नाय लावत."

"रोज?"

"रोज. दोन्हीकडच्या बांधांवरनं. आता दम नाय लागत मला."

मॅडम रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "चाला. पण वाफ्यात उतरायचं नाही हं."

तुमच्यापैकी कुणाला उद्या असंच वजन उतरवायला सांगितलं, तर काट्याशी भांडत बसू नका. जे मोजून घेता येतं ते मोजून घ्या, आणि जो माणूस ते समजावतो त्याचं ऐका. माझ्या पहिल्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. मला ते वाचायला शिकवणारी माणसं भेटली, म्हणून माझी बहीण आज बांधावरून चालते आहे.