मिशीवालं घड्याळ

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या दुकानाच्या शटरपुढे मी सात महिने राहिलो. त्याआधी माझी भाड्याची खोली होती. मालकाने ती पाडून गाळे काढले आणि त्याच आठवड्यात गोदामातलं माझं हमालीचं कामही हंगामाबरोबर संपलं. आष्टीला, माझ्या गावी परत जायची लाज वाटत होती. जवळ उरली एक चादर आणि एक बाजाची पेटी. तिची एक पट्टी दाबली की कोंबडी ओरडल्यासारखा आवाज यायचा.

दिवसा स्टेशनच्या रस्त्यावर बसून मी रडकी गाणी म्हणायचो. शेजारी चहाची गाडी लावणारी मावशी एकदा वैतागलीच. "बाबा, तुझं ऐकून माझं दूध नासून राह्यलं. जरा हसव की लोकायला!"

आधी राग आला, मग हसू. त्याच दुपारी मी पहिलं गाणं जुळवलं:

घर न्हाई, दार न्हाई, चोराला इथं काम न्हाई,
आलाच तर बस म्हणीन, चादर तेवढी वढायची न्हाई!

ऑटोवाले खो खो हसले. "अजून एकदा!" म्हणाले. मला तर झिंगच चढली. मग मी काहीच सोडलं नाही. नळावरची रांग, माझ्या चादरीवर हक्क सांगणारं कुत्रं, सगळ्यांची गाणी झाली. एकदा एक चप्पल हरवली, तर ती शोधायचं सोडून मी यमक शोधत बसलो.

दुकानं उघडायच्या आत एक हवालदार रोज शटरवर काठी वाजवून मला उठवायचे. वळणावर आधी त्यांची मिशी दिसायची, मग ते. त्यांच्यावर गाणं होणारच होतं, आणि झालं ते सगळ्यात जास्त चाललं:

घड्याळ आमचं मिशीवालं, पाच वाजता वाजतंय,
सपनातली पोळी माझ्या हातून खाली पाडतंय!

एका सकाळी डोळे मिटून, मान हलवत मी ते म्हणत होतो. एकदम सगळे गप्प झाले. डोळे उघडले तर समोर हवालदार.

"कोणावर हाय हे?"

"घड्याळावर, साहेब."

"घड्याळाला मिशी असती का रे?"

घाबरून बोट पडलं ते नेमकं त्या कोंबडीच्या पट्टीवर. हवालदारांची मिशी थरथरली. मला वाटलं, आता संपलं. पण ते हसत होते! पोट धरून हसले, मग फोन काढून त्यांनी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. "अगं, बघ, माझ्यावर गाणं केलंय!"

पूर्ण गाणं ऐकून त्या बाई म्हणाल्या, "मी लग्नापासून हेच सांगून राह्यले! त्यायला जेवायला घेऊन या."

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. कितीतरी दिवसांनी गरम पाण्याने आंघोळ केली आणि न्हाणीघरातच गायला लागलो. जेवायला मुद्दाम पुरणपोळी केलेली. ती वाढतानाच बाई म्हणाल्या, "माझ्या भाचीची हळद हाय. गायला येता का?"

"येतो की! कुठं?"

"आष्टीला."

हातातली पोळी मी परत ताटात ठेवली. तरी मी गेलो. मांडवात निम्मे चेहरे ओळखीचे, आणि पुढच्या रांगेत माझा थोरला भाऊ. पळून जावंसं वाटलं, पण पेटी टाकून जाववेना, म्हणून गायलो. शटर, कुत्रं, चप्पल, सगळं गायलो. बाया हळदीच्या हातांनीच टाळ्या वाजवायला लागल्या. भाऊ हसत होता, आणि एकदम उठून माझ्याजवळ आला.

"हे सगळं खरं हाय?"

"खरं हाय, दादा."

"येड्या, मला कळवलं का न्हाईस?" त्याने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि डोळे पुसत पुसत असा नाचला, की त्याचं धोतर सावरायला दोघं धावले.

त्यानंतर हळदीची बोलावणी सुरू झाली, आणि मी जुन्या जालन्यात खोली घेतली. पहिल्या दिवशी मी तिची खिडकी उघडत होतो, लावत होतो, परत उघडत होतो. शेजारीण बाहेर आली. "बिघडली का हो खिडकी?"

"न्हाई, ताई," मी म्हणालो. "बिलकुल बराबर हाय." आणि परत उघडली.