अष्टमीचं उधाण

डहाणूच्या खाडीपासून पार उधव्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत माझे साडू ज्याला आवडत नाहीत असा माणूस शोधून सापडणार नाही. फारच शोधलंत तर एक सापडेल. तो सरावलीला राहतो, निवृत्त मराठी शिक्षक आहे आणि सध्या हा मजकूर लिहीत बसला आहे. आवडत नाहीत हेही तसं पूर्ण खरं नाही. ते घरी आले की मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून राग येतो. माणसाने सगळ्यांना इतकं आवडू नये, निदान आपल्या बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याने तरी.

साडू मूळचे घाटावरचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो स्वतःच्या लग्नात. वऱ्हाड मांडवात खोळंबलेलं आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट किनाऱ्यावर उभे राहून लाटांना नमस्कार करताहेत, असं दृश्य मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हापासून ते दिसेल त्याला नमस्कार करत आले आहेत. पंखा बंद करताना पंख्याला ‘धन्यवाद’ म्हणतात. चपला काढल्या की त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवतात, म्हणजे त्यांना बाहेरचं दिसत राहावं. स्कूटरवरून जाताना गतिरोधक आला की त्याला ‘आभारी आहे’ म्हणतात, आणि मागे बसलेल्या माणसाला दर वेळी वाटतं की आपल्यालाच काही म्हणाले. तलासरीला सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते तेव्हा दाखल्यासाठी आलेल्या माणसाला ते आधी खुर्चीवर बसवून पाच वेळा खोल श्वास घ्यायला लावत. एकदा उधव्याकडचे एक म्हातारबाबा पाचव्या श्वासाला तिथेच झोपी गेले. साडूंनी त्यांना उठवलं नाही. अर्ज स्वतः भरला, साहेबांची सही आणली आणि दाखला हळूच त्यांच्या खिशात सरकवला. बाबा जागे झाले ते ‘आजचा दिवस फुकट गेला’ म्हणत घरी गेले आणि खिसा चाचपल्यावर दुसऱ्या दिवशी पाटीभर काकड्या घेऊन हजर झाले. आता यात चिडण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. मीही चाळीस वर्षं नोकरी केली, मला कुणी काकडी दिली नाही.

काहीही झालं की साडूंचं उत्तर एकच, ‘वाहू द्या.’ वीज गेली, वाहू द्या. गाडी चुकली, वाहू द्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी याच नावाचं पुस्तक लिहायला घेतलं. मन शांत कसं ठेवावं, राग कसा सोडावा, झोप कशी लागावी, असलं सगळं. मी म्हटलं, चला, आता कळेल. लिहिणं म्हणजे पंख्याला धन्यवाद म्हणण्याइतकं सोपं नसतं.

इथे मला माझ्या कवितासंग्रहाबद्दल सांगावं लागेल. तो बारा वर्षांपूर्वी निघाला. शाळेच्या सभागृहात प्रकाशन झालं, पाहुणे उशिरा आले, आणि प्रती मी तिथेच स्वतःच्या हाताने नातेवाइकांना वाटल्या. उरलेल्यांवर सध्या आमचं वॉशिंग मशीन उभं आहे. पावसाळ्यात मोरीचं पाणी मागे येतं, म्हणून बायकोने त्याच्या चारही पायांखाली चार-चार प्रती रचल्या आहेत. ‘अहो, तुमच्या कवितांवर मशीन जराही हलत नाही हो,’ एवढंच कौतुक तिच्या तोंडून आजवर ऐकलं. पण तिचं सोडा. साडूंनी त्या संग्रहाबद्दल बारा वर्षांत एक अक्षर काढलेलं नाही. जो माणूस गतिरोधकाचे आभार मानतो, त्याला माझ्या कवितेला ‘बरी आहे’ एवढंही म्हणता येऊ नये? हे मी कधी कुणाला बोललो नाही, पण विसरलोही नाही.

तर एके दिवशी दुपारी साडू हस्तलिखित घेऊन माझ्याकडेच आले. म्हणाले, ‘साडूभाऊ, तुम्ही मराठीचे. ऱ्हस्व-दीर्घ बघा, आणि काही चुकलं असेल तर निर्दयपणे खोडा.’ निर्दयपणे म्हटल्यावर मला जरा उत्साह आला. तीन दुपारी मी लाल पेन आणि पेन्सिल घेऊन बसलो. पुस्तक वाईट असेल अशी माझी फार आशा होती. पण ते साधं होतं, माणूस समोर बसून बोलावा तसं होतं, आणि दुसऱ्या दुपारी माझी डोकेदुखी थांबली तेव्हा मला भयंकर वाईट वाटलं. मग तिसऱ्या दुपारी ते पान आलं. साडूंनी लिहिलं होतं, ‘अष्टमीला खाडीला उधाण येतं आणि चिखलात रुतलेली होडी आपोआप उचलली जाते. तुमच्याही आयुष्यात अष्टमी येणार आहे.’

आमच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल की उधाण येतं अमावास्येला आणि पौर्णिमेला. अष्टमीला असते भांग, म्हणजे भरती इतकी दुबळी की ती होडीच्या बुडाला जेमतेम शिवून परत जाते. धाकट्या डहाणूची मच्छीमारांची मुलं माझ्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकायची, पण तिथी आणि भरती कधी चुकली नाहीत. मी समासात पेन्सिलने लिहिलं, ‘उधाण अमावास्या-पौर्णिमेला.’ तेवढ्यात बायको चहा घेऊन आली, खांद्यावरून त्या कागदात डोकावली आणि म्हणाली, ‘किती छान लिहितात हो ते! वाचलं की कळतं तरी.’ तो ‘तरी’ माझ्या वर्मी लागला. ती आत गेल्यावर मी रबर घेतलं आणि समासातली ओळ खोडून टाकली. पुढच्या पानांवरचे ऱ्हस्व-दीर्घ मात्र चोख तपासले.

पुस्तक निघालं आणि अक्षरशः पसरलं. माझ्या घरात ते देवघराशेजारी गेलं. रोज सकाळी बायको त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायची आणि मी चहात बिस्किट जास्त वेळ बुडवून ठेवायचो. स्टेशन रोडवरच्या गुजराती फरसाणवाल्या शेठनी ते गल्ल्याशेजारी ठेवलं आणि सकाळी जे पान उघडेल त्याप्रमाणे दिवस काढायला सुरुवात केली. एकदा ‘घाई सोडा’ निघालं, तर गाठियाचा अख्खा घाणा कढईत करपला. ‘बुक सरस छे, सर,’ ते मला म्हणाले, ‘पण धंद्याच्या टाइमला नाय वाचायचा.’ आमच्या दातांच्या डॉक्टरांनी पुस्तक म्हणजे शुद्ध भंपकपणा असल्याचं मला सांगितलं. मी त्यांना मिठीच मारणार होतो. पुढे म्हणाले, ‘वेटिंग रूममध्ये दोन कॉप्या ठेवल्यात. पेशंट ओरडत नाहीत.’ एका भजनी मंडळातल्या सूनबाईंनी ‘मनाला जड होणाऱ्या माणसांपासून थोडं लांब बसा’ हे वाक्य वाचून सासूशी बोलणंच बंद केलं. सासूबाई तणतणत साडूंच्या दारात आल्या. साडूंनी दोन तास त्यांचं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द बोलले नाहीत, आणि सासूबाई जाताना स्वतःसाठी एक आणि सुनेसाठी एक अशा दोन प्रती घेऊन गेल्या. उधव्याच्या काकडीवाल्या बाबांना नातीने ‘झाडांशी बोला’ हे प्रकरण वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘आमी फांदी तोडायच्या आधी झाडाला विचारतोच. सायबाला आता कळला काय?’ आणि मग, ‘कळला ना, बरा झाला.’

अशी कुणी नावं ठेवली की मी ती तळहातावरच्या फोडासारखी जपायचो. पण पाहावं तो नावं ठेवणाराही शेवटी साडूंकडे चहाला गेलेला. मला माझी अष्टमी हवी होती. आणि ती आली. मासेमारीच्या पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्याला असताना धाकट्या डहाणूच्या महिला मंडळाने देवळाच्या सभामंडपात साडूंचं वाचन ठेवलं. स्कूटरवर मागे मी होतो. साडूंनी वाटेत विचारलं, ‘साडूभाऊ, कुठलं पान वाचू?’ मी म्हटलं, ‘ते होडीचं वाचा. इथल्यांना जवळचं वाटेल.’ हे वाक्य लिहितानाही मला माझी लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसलो.

साडूंनी वाचलं, ‘अष्टमीला खाडीला उधाण येतं.’ मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी, मग अख्खा मंडप. पुढे बसलेल्या, बाजारात सुकट विकणाऱ्या एक मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या.

‘ओ दादा, ही कुठल्या गावची अष्टमी? आमच्या खाडीत अष्टमीला भांग असते. होडी जागची हालत नाय!’

मी साडूंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांचा चेहरा एकदा पडलेला मला बघायचा होता, एकदाच. पडला तो. कानापर्यंत लाल झाले, पुस्तक मिटलं, आणि क्षणभर त्यांना कुठे बघावं कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चप्पल बघू लागलो. मग ते चौथऱ्यावरून खाली उतरले, मावशींच्या समोर सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, ‘मग मावशी, अष्टमीला होडी रुतली तर करायचं काय?’

‘काय नाय करायचं,’ मावशी म्हणाल्या. ‘ढकलायची तर अजिबात नाय. ढकलली तर फळी उखडते. जाळी फाटलेली असतात ती शिवायची, होडीला तेल लावायचं. अमावास्या येते ना, तवा पाणी आपणच उचलते तिला. आठ दिवस गप बसायचं, बस. माझा नवरा नाय बसला गप, म्हणून सांगते. त्याने ढकलली.’

मंडपात कुणी हसेना. साडूंनी माझ्याकडे हात पुढे करून पेन मागितलं. माझंच लाल पेन. त्याने त्यांनी मावशींचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि सगळ्या जणी सरसावून आपापलं सांगू लागल्या. आम्ही निघालो तेव्हा स्कूटरच्या हँडलला सुक्या बोंबलांच्या तीन पिशव्या होत्या. माझ्या खोडसाळपणातून त्या माणसाला त्याच्या पुस्तकातलं सर्वांत चांगलं पान मिळालं होतं.

परतताना साडू म्हणाले, ‘मला त्या पानाची शंका होती बरं का. छापायच्या आधी इथे येऊन विचारणार होतो. पण तुम्ही तपासलेलं होतं. म्हटलं, साडूभाऊंनी काही लिहिलं नाही म्हणजे बरोबरच असणार.’ पुढे गतिरोधक आला. ‘आभारी आहे,’ ते म्हणाले. ते मला म्हणालेले नाहीत हे ठाऊक असूनही ते मलाच म्हटल्यासारखं लागलं.

दुसऱ्या आवृत्तीचे कागद पुन्हा माझ्याकडेच आले. होडीचं पान आता मावशींच्या शब्दांत होतं आणि त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या पानावर आभार होते. त्यात एक ओळ होती, ‘एकही चूक नजरेतून न सुटणाऱ्या माझ्या साडूभाऊंचा मी ऋणी आहे.’ ती ओळ पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसलो. बायकोने दोनदा चहा गरम केला. शेवटी मी समासात पेन्सिलने लिहिलं, ‘अष्टमीची चूक मला दिसली होती. मी लिहिलं आणि खोडलं. मत्सर वाटला म्हणून.’ रबर उचलून बायकोच्या शिवणाच्या डब्यात टाकलं आणि कागद पाठवून दिले.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडू आले. चपला काढल्या, तोंडं दाराकडे केली, बसले. मी पाच वेळा श्वास घेतला, कुणी न सांगता.

‘समासातलं वाचलं,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशी फार लाजल्यासारखं झालं होतं मला.’

‘मग?’

‘मग काय. वाहू द्या.’ मग पंख्याकडे बघत म्हणाले, ‘पण मत्सराचं निघालंच आहे तर मीही एक सांगतो. तुमच्या कवितांचं पुस्तक निघालं तेव्हा तुम्ही सगळ्यांना प्रती दिल्यात. सही करून. मी तेव्हा मागे चहाचं बघत होतो आणि खुर्च्या उचलत होतो. मला राहिली. म्हटलं, आज ना उद्या द्याल. मागून कसं घ्यायचं?’

बारा वर्षं. बारा वर्षं मी या माणसाच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होतो, आणि तो माझ्या हातून एका प्रतीची.

मी उठून मोरीत गेलो, मशीनच्या पुढच्या पायाखालची सर्वांत वरची प्रत ओढून काढली, फडक्याने पुसली आणि सही केली. मुखपृष्ठावर मशीनच्या पायाचा गोल वळ होता, तो गेला नाही. साडूंनी पुस्तक कपाळाला लावलं आणि म्हणाले की ते रोज एकच कविता वाचतील, घाई करणार नाहीत. आता रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांचा फोन येतो. परवा सातवी झाली. सातवी त्यांना कळली नाही, पुन्हा वाचणार आहेत. मशीन एका बाजूला कललं आहे आणि कपडे धुताना घरभर आवाज करतं. बायको म्हणते, अहो, तिथे दुसरी प्रत लावा ना. मी अजून लावलेली नाही.