उणे नऊचा चष्मा आणि आंबेनळीचा घाट

गेल्या रविवारी सकाळी महाडमध्ये माझ्या नवऱ्याचा चष्मा आमच्याच गाडीच्या चाकाखाली आला... आणि दुपारी मी आंबेनळी घाट चढून वर पोचले होते. मधल्या वेळात काय झालं ते सांगते.

आम्ही साताऱ्याचे. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, त्यामुळे तीन वर्षांत दोघं मिळून कुठे गेलो नव्हतो. या वेळी नणंद दोन दिवस राहायला आली आणि आम्ही गाडी काढली. हायवे शक्य तितका टाळायचा, आडवाटांनी हिंडायचं, एवढंच ठरलं होतं.

पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत शेळ्यांनी रस्ता अडवला, तेव्हा तिथल्या बाईंनी थांबवून ताक पाजलं. महाडच्या बाजारात वाट चुकून तीनदा त्याच चौकात आलो. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एवढे हसलो असू...

रविवारी महाडच्या लॉजवरून निघताना मागचं चाक बसलेलं दिसलं. जवळच हमीदचाचांचं टायरचं दुकान होतं. वय पासष्टच्या पुढे, वीस वर्षं सौदीत ट्रेलर चालवून गावी परतलेले. सुहास, म्हणजे माझा नवरा, हौसेने त्यांना मदत करायला बसला. घाम पुसायला चष्मा काढून खाली ठेवला, आणि जॅक उतरवताना चाक बरोबर त्यावर टेकलं.

सुहासचा नंबर उणे नऊ आहे. चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरापलीकडचं नुसतं धुकं दिसतं. दुसरा चष्मा साताऱ्यात, कपाटात. चष्म्याच्या दुकानात सांगितलं, एवढ्या नंबरच्या काचा यायला चार दिवस लागतील.

आणि सोमवारी सकाळी आठला सासूबाईंना डायलिसिसला न्यायचं होतं.

सुहास म्हणाला, "गाडी इथेच ठेवू, एसटीने जाऊ." पण मग आईंना सकाळी नेणार कशात? रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

"लायसन हाय का तुमच्याकडं?" चाचांनी मला विचारलं.

लायसन होतं. पण नऊ वर्षांपूर्वी घराजवळच्या चढावर माझी गाडी मागे घसरून एका स्कूटरवर गेली होती. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून चढाच्या रस्त्याला मी गाडी घातलीच नव्हती. मंडईपर्यंतचा सपाट रस्ता, तेवढंच माझं ड्रायव्हिंग. हे सगळं मी त्यांना सांगून टाकलं.

ते म्हणाले, "ताई, घाट बाई हाय का पुरुष हाय ते बघत नाय. गिअर बघतो. चला, गाडीत बसा."

दुकानामागे एक चढाचा रस्ता होता. तिथे ते माझ्या शेजारी बसले. "हँडब्रेक ओढा. क्लच हळू सोडा. गाडीचं नाक उचललं की मगच ब्रेक सोडायचा. घाई करायची नाय, मागचा कितीपन हॉर्न वाजवू दे." पाच वेळा गाडी बंद पडली. सहाव्यांदा निघाली. मग त्यांनी आणखी चार वेळा करायला लावलं.

सुहास दुकानाच्या बाकावर बसून नुसता आवाज ऐकत होता. मी आल्यावर म्हणाला, "चल. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

पोलादपूर सोडलं आणि चढ सुरू झाला. पहिली काही वळणं मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच घेतली...

एका अवघड वळणावर वरून एसटी आली. तिला वळायला सगळा रस्ता लागणार होता, म्हणून मला भर चढावर थांबावं लागलं. मागे एक जीप अगदी चिकटून उभी. एसटी गेली आणि जीपने हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

मी हँडब्रेक ओढला. क्लच हळू सोडत गेले. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं... मग ब्रेक सोडला. गाडी सरळ वर निघाली.

दोन वळणं गेल्यावर सुहासने हळूच विचारलं, "मागे गेली का गं?"

"एक इंचही नाही," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्याला दिसणार नव्हतं.

वर पोचल्यावर एका टपरीशी गाडी लावली. चहा घेताना तो म्हणाला, "काय दिसतंय ते सांग ना." मी सांगत गेले. एकामागे एक डोंगर, खाली बारीक रस्ता, त्यावर खेळण्यातल्यासारखा ट्रक.

तो म्हणाला, "इतक्या घाटांत गाडी चालवली, पण दरीकडे मी कधी बघितलंच नाही. नजर कायम रस्त्यावर."

मी मात्र बावीस वर्षं शेजारी बसून सगळे डोंगर बघत आले होते. तो काय काय बघायचं सोडून देतोय, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

सोमवारी आठला पाच मिनिटं कमी असताना आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. गाडी मीच नेली. हमीदचाचांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मला ठाऊक होतं."

आता पुन्हा आंबेनळीला जायचंय. मी चालवणार... आणि सुहासने खिडकीशी बसून पोटभर दरी बघायची.