शरण आलेल्यांची पहारेकरीण

रबाळ्याच्या कारखान्यात आठवडाभर मी नंदीबैलासारखी मान डोलावते. साहेब म्हणाले माल पास, की माल पास. म्हणून रविवारची दुपार माझी फार लाडकी होती. खांदेश्वरला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही तिघं खेळायला बसायचो. ती गोष्ट रचून सांगायची, आम्ही दोघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो आणि कुठे अडलं की फासे टाकायचे. मी पहारेकरीण होते, राजालासुद्धा तोंडावर नाही म्हणणारी.

आमच्यात एक रीत होती. 'माझी पहारेकरीण असं करते' म्हणायचं नाही, 'मी करते' असंच म्हणायचं. खरी मजा त्यातच आहे, असं आमचं ठाम मत.

त्या रविवारी आमच्या कोठडीत शत्रूची शरण आलेली माणसं होती. त्यांच्या जिवाला धक्का लागणार नाही, असा शब्द मी दिला होता. दुसरा खेळाडू, म्हणजे आमचा मांत्रिक, माझा कॉलेजपासूनचा मित्र. जिवंत ठेवली तर ही माणसं आपला ठावठिकाणा फोडतील, असं त्याचं म्हणणं. त्याने परोपरीने समजावलं. मी ऐकेना, तेव्हा त्याने माझ्यावर मोहिनी घातली. फासे त्याच्या बाजूने पडले. आता तो सांगेल ते मला मनापासून पटणार होतं. मैत्रिणीने नियम पुन्हा वाचून पाहिला आणि नियम तो नियम म्हणाली.

मग मला बोलावं लागलं. मी कुलूप काढते. मी तलवार उपसते. मित्र म्हणाला, "असं रडक्या तोंडाने नको ना. तुला आता हे आवडतंय. हसून सांग."

मी हसून सांगितलं. एकेकाला मारलं ते मी, माझ्या तोंडाने, आणि त्यातला एक म्हातारा मला माझ्याच शब्दाची आठवण करून देत होता. बशीतली भजी कोणी उचलेना. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"टेन्शन नको घेऊ," तो नंतर म्हणाला. "मंत्र उतरला की पहारेकरणीला काय आठवणार नाय."

"तिला नाही आठवणार. मला आठवतंय."

मैत्रीण गडबडली. ते घडलंच नाही असं धरू या, म्हणाली. मला संताप आला. म्हणजे आधी मन फिरवायचं आणि मग आठवणही पुसायची, तीही चहा पिता पिता. मेलेले मेलेलेच राहतील, मी यापुढे येणार नाही, असं सांगून मी निघाले.

बुधवारी मित्राचा फोन आला. आवाज अगदी मऊ. त्याला झोप लागत नव्हती, माझ्याशिवाय खेळात दम नव्हता, इतक्या वर्षांची मैत्री मी एका खेळापायी तोडणार होते का, वगैरे. मी ऐकत गेले. थोड्या वेळाने लक्षात आलं, की मीच त्याची समजूत घालतेय. जाऊ दे, खेळच तर होता, माझंपण जरा चुकलंच. रविवारी येते, असंही म्हणून गेले.

फोन ठेवला आणि मी काय काय बोलून बसले ते एकेक आठवून पाहिलं. माझ्यावर कुणी कसलाच मंत्र टाकला नव्हता.