निळ्या साडीवरची बेरीज

आमच्या शाळेपासून समुद्र किती लांब, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, एका जन्माएवढा. माकणीच्या धरणाचं पाणी तेवढं पोरांनी बघितलेलं. त्यामुळं तालुक्याहून बेरजेसाठी समुद्री प्राण्यांच्या चित्रांचा संच आला, तेव्हा मला हसावं का रडावं कळेना. मासा, खेकडा, कासव ठीक. पण शेवंड, म्हणजे लॉबस्टर, बघून अख्खी पहिली-दुसरी ओरडली, "इच्चू! इच्चू!" आणि दोन पोरं पाय वर घेऊन बसली. जेलीफिशला म्हणाली, बाभळीला अडकलेली कॅरीबॅग.

पण आलंय ते वापरायचं. नाहीतर वरून विचारणा होते. मी माझी एक जुनी निळी नायलॉनची साडी नेली आणि वर्गात फरशीवर पसरली. हा समुद्र. चित्रं घरी पुठ्ठ्यावर डकवली, कापली. मी रोज लोहाऱ्याहून जीपनं ये-जा करते; माझी चार वर्षांची लेक तेवढा वेळ घरी सासूबाईंजवळ असते, तिनं त्यातल्या चार माशांना खडूनं मिशा काढून ठेवल्या. "समुद्रात तीन कासवं पोहत होती, अजून दोन आली, किती झाली रे?" पोरं साडीभोवती गोल बसायची आणि बेरजा करायची. माझं तोंड तिखट आहे, पोरं मला भ्यायची, पण साडी पसरली की भीती जायची. ते दिवस चांगले होते.

सगळ्यांत हुशार होती दुसरीतली एक पोरगी. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आवाज बारीक. ती "एक" म्हणायचीच नाही. "लाभ, दोन, तीन..." असं मोजायची. घरी आजी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणते, तेच हिच्या जिभेवर. मी तिला दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. उत्तर बरोबर येतंय ना, मग लाभ म्हण नाहीतर तोटा म्हण.

एकदा मी तिला गमतीनं म्हटलं, "तुमच्या घरी शेळ्या किती गं?"

ती म्हणाली, "तसलं मोजत न्हाईत, मॅडम. आपलं जित्राब आपण मोजलं की कमी हुतंय. आजी म्हणती."

"आणि हे मासे मोजतीस ते?"

"ते कुणाचेच न्हाईत की."

मला हसू आलं. माझी आईसुद्धा भाकरी मोजू द्यायची नाही. मी लहानपणी टोपल्यातल्या भाकरी मोजल्या म्हणून तिनं हातावर उलथनं मारलं होतं. बरकत जाते म्हणे. शिकले, नोकरीला लागले आणि असल्या गोष्टींची मला चीड यायला लागली.

मग तालुक्याचे साहेब भेटीला आले. साडी, मासे बघून खूश झाले. पण साहेबांनी काही खोट काढली नाही तर ते साहेब कसले! म्हणाले, "मॅडम, समुद्र ठीक आहे, पण परिसरातलं विचारा. हिला विचारा, घरी भावंडं किती." आणि बोट नेमकं तिच्याकडंच केलं.

साहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं ओठ मिटून घेतले आणि फ्रॉकचं टोक चुरगाळायला लागली.

"हिला येत नाही वाटतं," साहेब म्हणाले.

माझं डोकं सणकलं. माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी, आणि येत नाही? मी म्हटलं, "येतं तिला, सर. घरात काहीतरी खुळ भरवलंय." मग तिच्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोजून कुणी मरत नसतं. मोज."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग तीन कासवं उचलून साडीवर ठेवली. "आमी तिघी भैनी." मग दोन मासे ठेवले, एक मोठा आणि एक बारका, मिशीवाला. "दोन भाऊ. त्यातलं एक पाळण्यातलं." मी म्हटलं, "मग? सगळे मिळून?" ती खाली मान घालून म्हणाली, "पाच." पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी शेरा चांगला दिला. मी त्याचा फोटो काढून घरी नवऱ्याला दाखवला.

पंधरा दिवस झाले नसतील, पाळण्यातलं ते बाळ तापानं गेलं. लोहाऱ्याला जीपनं आणलं, तिथून पुढं नेताना वाटेतच संपलं.

आठवड्यानं ती शाळेत आली. मी मुद्दाम साडी पसरली, म्हटलं रमेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं. बोलावलं तरी जवळ येईना. तेवढ्यात एक पोरगं सहज बोलून गेलं, "मॅडम, तिनं मोजलं म्हणून तिचा भाऊ मेला."

मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. पण ओरडून काय होणार? पोरगीनं ते ऐकून साधी मानसुद्धा वर केली नाही. तिला ते आधीच माहीत होतं. सात वर्षांचं लेकरू, आणि आपण बेरीज करून भावाला मारलं असं मनात धरून बसलेलं. आणि बेरीज करायला कुणी लावलं? मी. साहेबांपुढं माझं नाक वर राहावं म्हणून.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढं होती, तिनं वर बघितलं नाही. रिकामा पाळणा आढ्याला गुंडाळून ठेवला होता. आजीनं पोतं अंथरलं. "च्या घ्या, मॅडम. आमी कुणाला बोल लावत न्हाय," ती म्हणाली. त्यापेक्षा तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरगीला जवळ घेतलं. म्हटलं, "बाळ तापानं गेलं गं. तुझ्या मोजण्यानं काही झालं नाही. मोजून कुणी..."

"तवाबी तुमी असंच म्हणला हुता," ती म्हणाली.

खरं तेच सांगत होते, पण माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्याला आता त्या घरात किंमत नव्हती. चहावर साय धरली. मग मी जे बोलले ते मी जन्मात बोलले नसते. आजीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हे बघ. मोजू नये हे खरंय. पण त्याचं पाप मोजणाऱ्याला लागत नाही, मोजायला लावणाऱ्याला लागतं. तू नाही मोजलंस. मी मोजायला लावलं. जे काय लागायचं ते मला लागेल."

आजीनं मान हलवली. "व्हय, तसंच असतंय," ती हळूच म्हणाली. पोरगीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. तिचे खांदे सैल पडले. मला वाटलं, सुटले.

मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमची पोरगी?"

"काय माझी पोरगी?"

"तिला काय झालं तर?"

"काही होत नाही," मी म्हणाले, आणि चप्पल घालून बाहेर पडले.

सोमवारपासून ती वेळेवर यायला लागली. साडीजवळ बसायची, इतरांच्या बेरजा बघायची, स्वतः हात लावायची नाही. पण रोज सकाळी मी जीपमधून उतरले की फाटकाशी उभी. "मॅडम, पोरगी बरी हाय का?" मी म्हणायची, "बरी हाय." मग ती आत जायची. पावसात, उन्हात, एक दिवस चुकला नाही. तिच्या डोक्यातलं ओझं मी उतरवलं नव्हतं, नुसतं या खांद्यावरून त्या खांद्यावर दिलं होतं.

एका सकाळी माझी लेक तापानं फणफणली होती. सासूबाई म्हणाल्या, "आज जाऊ नकोस." नवऱ्यानं तर आवाज चढवला. पण मी गेले नाही तर फाटकाशी उभी राहिलेली ती काय समजेल? मी लेकीच्या कपाळावर पट्टी ठेवली, औषध पाजलं आणि जीपमध्ये बसले. मोजून कुणी मरत नसतं असं तोंडानं म्हणणारी मी, शाळा येईपर्यंत देवाचं नाव घेत होते.

"मॅडम, पोरगी बरी हाय का?"

"लई बरी हाय," मी म्हणाले. "सकाळी दूध पिऊन खेळायला गेली."

तिनं माझा हात धरला. वर्गात आल्यावर ती न सांगता साडीजवळ बसली. तिनं तीन कासवं ठेवली. थांबली. मग दोन मासे ठेवले, त्यातला एक मिशीवाला.

"लाभ, दोन, तीन, चार, पाच," ती मोठ्यानं म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली.

मी "शाब्बास" म्हणाले, आणि फळ्याकडं तोंड करून पर्समधला फोन काढून बघितला.