काकूंचा दुसरा कागद

"थांब गं, जरा वारा बघू दे," म्हणून काकू सायकलवरून एक पाय खाली टेकवायच्या आणि डोळे मिटून तोंड वर करायच्या. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराच्या भर रस्त्यात, मागून सायकलवाले घंटा वाजवत असताना! मग डोळे उघडून बरोबर वळणावर वळायच्या. "मला बाई दिशा कळत नाहीत, वारा कळतो." आणि मी, भूगोलाची पदवी घ्यायला निघालेली हुशार मुलगी, फोनमधला निळा ठिपका शोधत मागे उभी.

पुण्याच्या कॉलेजातून मी वर्षभरासाठी तिथल्या विद्यापीठात गेले होते. काकू पहिल्यांदा दिसल्या त्या सुपरमार्केटमध्ये. कोथिंबिरीचं पाकीट उजेडात धरून स्वतःशीच चालू होतं, "मोजून अकरा काड्या. ह्याला जुडी म्हणायचं?" मी फिसकन हसले. "मराठी आहेस होय! मग रविवारी जेवायला ये," म्हणाल्या. नाव त्यानंतर विचारलं. परदेशात राहिलेल्या तुमच्यापैकी अनेकांना अशा एक काकू भेटल्या असतील. आपण त्यांच्या हातचं खातो आणि त्यांच्याबद्दल मात्र काही विचारत नाही.

मीही विचारलं नाही. काका कंपनीत होते, काकू पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या मागोमाग आल्या, मुलगा मराठीतल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर द्यायचा. एवढं मला पुरेसं वाटलं. रविवारी जायचं, आमटीभात खायचा, डबा भरून घ्यायचा, झालं.

दुसऱ्या सत्रात आम्हाला एक काम मिळालं. शहरातल्या एखाद्या माणसाकडून त्याच्या डोक्यातला नकाशा काढून घ्यायचा. मोजमाप नको, आठवेल तसा. त्यावरून तो माणूस कुठल्या जगात राहतो ते मांडायचं. माझं शीर्षक लगेच ठरलं: नवऱ्यामागून आलेल्या बाईचं आक्रसलेलं जग. निष्कर्षसुद्धा लिहून ठेवला. मग काकूंकडे गेले.

काकूंनी ओटा पुसला, चष्मा लावला आणि जीभ दातांत धरून काढायला बसल्या. घर, मुलाची शाळा, डॉक्टर, सुपरमार्केट आणि शेवटी कालवा. कागद संपला. मला हवं होतं ते अगदी हेच! मी कागद उचलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अगं, मी अजून शहराबाहेर पडलेच नाही. दुसरा दे."

दुसऱ्या कागदावर कालव्यापलीकडची सहा खेडी आली. आठवड्यातले चार दिवस त्या तिथे एकट्या राहणाऱ्या डच आजीबाईंना आंघोळ घालायला, औषधं द्यायला सायकलवरून जायच्या. मला पत्ताच नव्हता. कुठल्या घरचा कुत्रा चावरा, कुठल्या बाकावर बसून डबा खायचा, कुठल्या बांधावर वारा आडवा लागतो, सगळं मराठीत लिहिलेलं. "ह्या आजी वारल्या," म्हणून एका घराभोवती त्यांनी हलकेच गोल काढला. मी तो कागद दोनदा वाचला, खोटं नाही सांगत.

तरीही मी तो कागद वापरला नाही. तो जोडला असता तर निष्कर्ष बदलावा लागला असता, आणि हाताशी चारच दिवस होते. कारण एवढंच. मी तो वहीत घातला आणि वही कपाटात टाकली.

वर्गापुढे मांडणी करायची त्या दिवशी पाहुणे चालणार होते. "येऊ का गं मी? माझं चित्र कधी कुणी भिंतीवर लावलं नाही," काकू म्हणाल्या. नको कसं म्हणणार? ठेवणीतली साडी, वरून रेनकोट, हातात वर्गासाठी शंकरपाळ्यांचा डबा, अशा त्या पहिल्याच रांगेत येऊन बसल्या.

पडद्यावर पहिला कागद आला. "हिचं जग ह्या कालव्यापाशी संपतं," मी इंग्रजीत म्हणाले. मुलं हळहळली. एकीने विचारलं, "त्यांना डच येतं का?" मी म्हणाले, "फारसं नाही." काकूंच्या मांडीवर डबा होता, त्याच्या झाकणावर त्यांचे दोन्ही हात. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावर बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी अगदी हळू विचारलं, "दुसरा कागद हरवला का गं?"

खरं बोलायची वेळ तीच होती. मी म्हणाले, "हो ना काकू, खोली बदलताना."

"असू दे, असू दे. होतं गडबडीत," म्हणून त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दोन दिवसांनी आमच्या प्राध्यापक बाईंनी मला बोलावलं. टेबलावर सहा खेड्यांचा नकाशा, नव्याने, रंगीत पेन्सिलींनी काढलेला. "एक बाई सायकलवरून आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीसारखं इथलं गावठी डच बोलतात. सांगत होत्या, दुसरा कागद मीच उशिरा दिला, मुलीचे मार्क कापू नका." मग बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "असंच झालं का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

बाईंनी मला आठवडा दिला. मी सगळं नव्याने लिहिलं. दोन्ही नकाशे जोडले, बाकावरचा डबा, वारलेल्या आजी, सगळं घेतलं. दहापैकी आठ मिळाले, आणि तिकडे आठ म्हणजे पुष्कळ. त्या लेखनातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, तळटीपेतलं एक सोडून: "माहिती देणाऱ्या व्यक्तीकडून दुसरा नकाशा उशिरा मिळाला." ते मी माझ्या हाताने लिहिलं. लाज वाटली नाही असं नाही, पण लिहिलं.

काकूंनी कौतुकाने एक प्रत मागून घेतली. चष्मा लावून माझ्यासमोरच, ओळीखाली बोट धरून वाचायला बसल्या. तळटीपेपाशी बोट थांबलं. मग पान उलटलं. "छान लिहिलंस हो," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

काकांची बदली झाली, ते सगळे द हेगला गेले. शिक्षण संपवून मी आता नेदरलँड्समध्येच नोकरी करते, त्यांच्या घरापासून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर. "अगं, कधी येतेस?" असा काकूंचा फोन दर दोन-तीन महिन्यांनी येतो. येते म्हणते. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. आत कुकरची शिट्टी झाली, काकू कुणाशी तरी डचमध्ये हसत बोलत होत्या. मी बेल न वाजवता परत आले.